रिकामा रकाना आणि जॉर्ज बूल

रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘औषधाची अ‍ॅलर्जी’ असा एक रकाना असतो. गर्दीच्या ओपीडीत तो बऱ्याचदा रिकामाच राहतो. या रिकाम्या जागेचे तीन अर्थ होऊ शकतात. रुग्णाला विचारले आणि त्याने अ‍ॅलर्जी नाही असे सांगितले. रुग्णाला विचारले, पण त्याला नक्की आठवले नाही. किंवा कोणी विचारलेच नाही. कागदावरची रिकामी जागा पाहून सिस्टर निदान पुन्हा विचारू तरी शकतात. हीच नोंद संगणकात गेली आणि एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत, एका प्रोग्रॅमिंग भाषेतून दुसऱ्या भाषेत पोहोचली, की वाटेत कुठेतरी त्या रिकाम्या जागेचे ‘नाही’ होऊन बसते. पडद्यावर दिसते, अ‍ॅलर्जी नाही. मग पेनिसिलिनचे इंजेक्शन भरताना कोणाचाही हात थांबत नाही.

संगणकाच्या भाषेत अशा रिकाम्या जागेला ‘नल’ म्हणतात आणि हो किंवा नाही एवढेच साठवणाऱ्या खणाला ‘बूलियन’. यातला दुसरा शब्द एका माणसाच्या आडनावावरून आला आहे. जॉर्ज बूल हे एकोणिसाव्या शतकातले इंग्रज गणितज्ञ. त्यांना अवघे ४९ वर्षांचे आयुष्य मिळाले. ‘काहीच नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ या दोन गोष्टींना त्यांनी दोन वेगळी चिन्हे दिली होती. पुढच्या पिढ्यांनी पहिले चिन्ह उचलले आणि दुसरे मागे ठेवले. त्याची किंमत आज संगणकाच्या पडद्यावर आणि कधीकधी रुग्णाच्या खाटेवर मोजावी लागते.

जॉर्जचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन या गावी झाला. वडील जॉन बूल जोडे शिवण्याचा व्यवसाय करत. आई मेरी अ‍ॅन लग्नाआधी एका घरात मालकिणीच्या तैनातीला होती. वडिलांचे लक्ष चामड्यापेक्षा भिंगांमध्ये जास्त. त्यांनी स्वतः दुर्बीण तयार केली आणि ज्याला आकाश पाहायचे असेल त्याने यावे, अशी सूचना दुकानात लावली. अशा माणसाचा धंदा जेमतेमच चालायचा, पण घरात पुस्तके होती आणि प्रश्न विचारायला मोकळीक होती. चार भावंडांत जॉर्ज थोरला. गणिताचे पहिले धडे त्याला वडिलांनीच दिले. लॅटिन त्याला गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याने शिकवली, तर ग्रीक तो स्वतःच शिकला. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचे भाषांतर केले आणि वडिलांनी ते स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणले. ते वाचून एका शिक्षकाने जाहीर शंका घेतली, की इतक्या लहान मुलाला असे भाषांतर जमणे शक्यच नाही.

सोळाव्या वर्षी घराचा भार त्याच्यावर आला. वडिलांचा धंदा बुडाला होता. डॉन्कास्टर येथील एका शाळेत जॉर्ज साहाय्यक शिक्षक म्हणून रुजू झाला आणि पगार घरी पाठवू लागला. विद्यापीठात जाण्याचा प्रश्नच नव्हता. पुस्तकांसाठी पैसे थोडे होते. गणिताचे पुस्तक वाचून संपायला इतर पुस्तकांपेक्षा फार जास्त दिवस लागतात, म्हणून ते स्वस्त पडते, हा त्याचा हिशेब! फ्रेंच गणितज्ञांचे जाडजूड ग्रंथ तो एकट्याने सोडवत बसे. पुढे लाप्लास आणि लाग्रांज यांचे ग्रंथही त्याने असेच कोणाच्याही मदतीशिवाय पचवले.

याच काळात, सतरा वर्षांचा असताना, एका शेतातून चालत जाता जाता त्याच्या मनात एक कल्पना चमकून गेली. माणूस विचार करताना जी तर्काची पावले टाकतो, ती बीजगणिताच्या चिन्हांत लिहिता येतील का? कल्पना तिथेच राहिली. पोटापाण्याची कामे समोर होती. एकोणिसाव्या वर्षी त्याने लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली आणि पुढची पंधरा वर्षे शाळामास्तर म्हणूनच घालवली.

शाळा सांभाळून बूल रात्री गणित करत राहिले. त्यांचे लेख केंब्रिजच्या गणितविषयक नियतकालिकात येऊ लागले. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांच्या एका शोधनिबंधाला सुवर्णपदक दिले. गणितासाठी सोसायटीने दिलेले ते पहिलेच सुवर्णपदक आणि ते मिळाले पदवी नसलेल्या एका शाळामास्तराला. मास्तर असतानाच त्यांनी गावातल्या दुकान-कामगारांच्या कामाचे तास कमी व्हावेत म्हणून चाललेल्या चळवळीला साथ दिली. कामगारांनी मोकळा वेळ कसा सत्कारणी लावावा, यावर १८४७ मध्ये व्याख्यानही दिले.

त्याच वर्षी शेतातली जुनी कल्पना पुन्हा वर आली. निमित्त होते एका वादाचे. लंडनचे गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन आणि एडिंबराचे तत्त्वज्ञ सर विल्यम हॅमिल्टन यांच्यात तर्कशास्त्रातील एका कल्पनेच्या श्रेयावरून जुंपली होती. डी मॉर्गन यांचा जन्म आपल्याकडचा, १८०६ मध्ये मदुराईचा. तान्हेपणीच त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती. बूल यांची त्यांच्याशी पत्रमैत्री होती. वाद वाचून बूल यांनी तर्काचे गणित मांडणारी एक छोटी पुस्तिका लिहिली. डी मॉर्गन यांचे तर्कशास्त्रावरचे पुस्तकही त्याच सुमारास बाहेर आले.

१८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क शहरात नवे क्वीन्स कॉलेज सुरू झाले. डी मॉर्गन यांच्यासह अनेक गणितज्ञांनी शिफारस केल्यामुळे तिथल्या गणिताच्या पहिल्या प्राध्यापकपदी बूल यांची नेमणूक झाली. बटाट्याच्या पिकावरील रोगाने पडलेल्या भीषण दुष्काळातून आयर्लंड तेव्हा जेमतेम बाहेर पडत होता. उपासमार आणि तापाच्या साथी यांनी लाखो माणसे नेली होती. अशा शहरात बसून बूल यांनी १८५४ मध्ये आपला मुख्य ग्रंथ प्रसिद्ध केला. विचाराच्या नियमांचा शोध हा त्याचा विषय.

या ग्रंथातली मूळ कल्पना रुग्णालयाच्या उदाहरणाने सहज समजते. एका वॉर्डातल्या सगळ्या रुग्णांना १ म्हणा. त्यातले मधुमेही निवडले, त्या गटाला क्ष म्हणा. निवडलेल्या गटातून पुन्हा मधुमेही निवडले तर काय मिळेल? तोच गट. म्हणजे क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. नेहमीच्या अंकगणितात ही अट फक्त दोनच संख्या पाळतात, ० आणि १. म्हणून बूल यांच्या बीजगणितात १ म्हणजे सगळे आणि ० म्हणजे काहीच नाही. मधुमेह नसलेले रुग्ण म्हणजे १ वजा क्ष. एकच रुग्ण मधुमेही आहे आणि नाही, असे एकाच वेळी असू शकत नाही. त्यामुळे या दोन गटांचा गुणाकार ०. तत्त्वज्ञ दोन हजार वर्षे जो नियम शब्दांत सांगत आले, तो एका ओळीच्या समीकरणात आला.

बूल तिथे थांबले नाहीत. त्यांना समीकरणे सोडवायची होती, त्यासाठी भागाकारही हवा होता. आणि भागाकार आला की शून्य भागिले शून्य हे जुने कोडे समोर उभे राहते. ब्रह्मगुप्त यांनी इसवी सन ६२८ मध्ये शून्याचे नियम लिहिताना या भागाकाराचे उत्तर शून्य दिले होते. नंतरच्या गणितज्ञांना ते मान्य झाले नाही. बूल यांनी या कोड्याचा अर्थ तर्कात शोधला.

पुन्हा रुग्णालयाकडे येऊ. समजा एवढेच माहीत आहे की शस्त्रक्रिया फक्त दाखल रुग्णांवर होते. यावरून शस्त्रक्रिया झालेले रुग्ण कोण, असे विचारले तर बूल यांचे समीकरण दोन उत्तरे देते. दाखल नसलेल्या रुग्णांपुढे ० येतो. त्यांच्यापैकी कोणाचीही शस्त्रक्रिया झालेली नाही, हे निश्चित. दाखल रुग्णांपुढे मात्र ०/० येतो. बूल यांनी त्याचा अर्थ लावला, की त्यातले सगळे, काही किंवा एकही नाही. हातातल्या माहितीवरून ठरवता येत नाही. ० हे उत्तर आहे. ०/० हे उत्तर देण्याइतकी माहिती नसल्याची कबुली आहे. याखेरीज १/० असेही एक चिन्ह समीकरणात येई. त्याचा अर्थ, असा गट असूच शकत नाही. तो आढळला तर मूळ माहितीच तपासा.

रोज रुग्ण तपासणाऱ्या कोणालाही हा भेद ओळखीचा आहे. रक्त तपासले आणि मलेरियाचे जंतू दिसले नाहीत, ही एक गोष्ट. रक्त तपासलेच नाही, ही दुसरी. दोन्ही कागदांवर मलेरियाची नोंद नसते. पण पहिल्या रुग्णाच्या तापाचे दुसरे कारण शोधायचे असते आणि दुसऱ्याचे रक्त आधी घ्यायचे असते.

ग्रंथाच्या पुढच्या वर्षी, १८५५ मध्ये, बूल यांचे लग्न झाले. वधू मेरी एव्हरेस्ट त्यांच्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. भारताचे सर्व्हेअर जनरल सर जॉर्ज एव्हरेस्ट हे तिचे काका. जगातल्या सर्वोच्च शिखराला त्यांचेच नाव दिले गेले. मेरी बूल यांच्याकडून गणित शिकत असे. त्या वर्षी तिचे वडील वारले आणि ती निराधार झाली, तेव्हा बूल यांनी तिला लग्नाची मागणी घातली. संसार सुखाचा झाला. पाच मुली झाल्या. १८५७ मध्ये बूल रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी लिहिलेली दोन पाठ्यपुस्तके पुढे बराच काळ वापरात राहिली.

१८६४ चा नोव्हेंबर संपत आला होता. कॉर्कजवळच्या बॅलिंटेम्पल येथील घरापासून कॉलेज सुमारे पाच किलोमीटर दूर. धो धो पावसात बूल ते अंतर चालत गेले आणि ओल्या कपड्यांतच उभे राहून त्यांनी तास घेतला. घरी आल्यावर ताप भरला. पुढे न्यूमोनिया झाला, फुप्फुसाच्या आवरणात पाणी साठले. ८ डिसेंबर १८६४ रोजी त्यांचे निधन झाले. धाकटी मुलगी तेव्हा सात महिन्यांचीही नव्हती.

या आजारपणाची एक हकिकत कुटुंबातून पुढे आली आहे. ज्या कारणाने आजार झाला, त्याच्यासारखाच उपाय केला पाहिजे, अशी मेरीची समजूत होती. पाण्याने आजार आला म्हणून तिने पतीला ओल्या चादरींत ठेवले, असे त्या हकिकतीत सांगितले जाते. हे वाचून मेरीला दोष देणे सोपे आहे. पण ती कोणत्या घरात वाढली, हे पाहिले पाहिजे. तिच्या वडिलांवर पॅरिसजवळ खुद्द हानेमान यांनी उपचार केले होते आणि थंड पाण्याच्या आंघोळी हा त्या घराचा नित्यक्रम होता. शिवाय पाण्याचे उपचार तेव्हा युरोपभर लोकप्रिय होते. कॉर्कजवळच्या ब्लार्नी गावात एका डॉक्टरांनी १८४० च्या दशकात काढलेले जलोपचार केंद्र तेव्हा चांगले नावारूपाला आले होते. मेरीने तिच्या काळातल्या सुशिक्षित घरात बसेल असाच उपाय केला.

चूक आणखी खोलवर होती आणि ती एकट्या मेरीची नव्हती. न्यूमोनिया कशाने होतो, हे १८६४ मध्ये जगात कोणालाच माहीत नव्हते. त्याला कारण ठरणारा न्यूमोकॉकस हा जिवाणू १८८१ मध्ये सापडला. डॉक्टरांच्या हाती स्टेथोस्कोप होता. फुप्फुसात काय बिघडले आहे ते त्यातून ऐकू येई. ते का बिघडले, हा रकाना मात्र रिकामा होता. रिकामा रकाना माणसाला सहन होत नाही. तो जवळ दिसेल त्या कारणाने भरला जातो. पाऊस दिसत होता, म्हणून कारण पाऊस ठरले. आणि कारण ठरले की त्यावर बेतलेला उपाय आपोआप येतो.

पावसात भिजणे एवढ्याने न्यूमोनिया होत नाही. जंतूचा संसर्ग लागतो. थकवा, दमट थंडी, आधीचा सर्दी-खोकला यामुळे तो संसर्ग बळावायला मदत होऊ शकते. तापाने फणफणलेल्या, धाप लागलेल्या रुग्णाला थंड ओल्या कपड्यांत ठेवले तर त्याला हुडहुडी भरते. थरथरणाऱ्या स्नायूंना जास्त ऑक्सिजन लागतो, आणि त्याची तर आधीच टंचाई असते. आज असा रुग्ण आला तर छातीचा एक्स-रे, ऑक्सिजनची पातळी, अँटिबायोटिक आणि गरज पडल्यास आवरणातले पाणी काढणे हा मार्ग आहे. १८६४ मध्ये यातले जवळजवळ काहीच नव्हते. उबदार खोली, विश्रांती आणि पेज-पाणी याच्यापलीकडे फारसे देण्यासारखे नव्हते. त्यामुळे ओल्या चादरी नसत्या तर बूल वाचले असते, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्यांच्याच पद्धतीने लिहायचे तर तिथे ०/० लिहावे लागेल.

मेरीने पुढे लंडनला जाऊन ग्रंथपालाची नोकरी केली आणि पाच मुली वाढवल्या. मुलांना गणित कसे शिकवावे यावर तिने पुस्तके लिहिली. १९०१ मध्ये तिने जगदीशचंद्र बोस यांना उद्देशून एक दीर्घ लेख लिहिला. एव्हरेस्ट यांच्यामार्फत भारतीय विचार इंग्लंडच्या गणितज्ञांपर्यंत पोहोचला आणि त्याचा बूल यांच्यावरही परिणाम झाला, असे तिचे मत त्यात आहे. मुलींपैकी अ‍ॅलिसियाने विद्यापीठाचे शिक्षण नसताना चौथ्या मितीच्या भूमितीत नवे शोध लावले. एथेलची कादंबरी जगभर वाचली गेली. मार्गारेटचा मुलगा जी. आय. टेलर नामवंत भौतिकशास्त्रज्ञ झाला. लूसी रसायनशास्त्रज्ञ झाली आणि लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत तिने रसायनशास्त्र शिकवले. मुंबईच्या डॉ. रखमाबाई यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले ते याच संस्थेत.

बूल यांच्या बीजगणिताचे काय झाले? त्यांच्यानंतर विल्यम जेव्हन्स, चार्ल्स पर्स आदी तर्कशास्त्रज्ञांनी ते साफसूफ केले. भागाकार काढून टाकला गेला. त्याच्याबरोबर ०/० आणि १/० ही चिन्हेही गेली. गणिताच्या दृष्टीने ते योग्यच होते. बूल यांची काही पावले नीट सिद्ध होत नव्हती. उरले ते आजचे सुटसुटीत बूलियन बीजगणित, ज्यात ० आणि १ एवढेच. १९३७ मध्ये अमेरिकेत क्लॉड शॅनन या तरुण विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवले, की विजेच्या खटक्यांची जाळी याच बीजगणिताने आखता येते. खटका बंद किंवा चालू, म्हणजे ० किंवा १. प्रत्येक संगणक आणि मोबाइल आज या पायावर उभा आहे.

प्रोग्रॅमिंग भाषा आल्या तेव्हा १९६० च्या अल्गोल या भाषेत हो-नाही साठवणाऱ्या खणाला बूल यांचे नाव मिळाले. खण दोन उत्तरांचाच होता. पण प्रत्यक्ष जगातल्या नोंदींत तिसरी अवस्था असतेच. ती कुठे ठेवायची? १९६५ मध्ये ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी अल्गोलच्या एका सुधारित आवृत्तीसाठी नल ही सोय आणली. अजून कशाकडेच बोट न दाखवणारी खूण, असा तिचा अर्थ. करायला सोपी होती म्हणून ती आणली, आणि या निर्णयाने जगाचे अब्जावधी डॉलरचे नुकसान केले असावे, असे २००९ मध्ये होअर यांनीच जाहीरपणे मान्य केले. कारण नल आहे की नाही हे तपासायला प्रोग्रॅमर विसरला, की प्रोग्रॅम कोसळतो किंवा चुकीचे उत्तर देतो.

त्यातही प्रत्येक भाषेची रीत वेगळी. जावा या भाषेत हो-नाहीचे दोन प्रकारचे खण आहेत. एकात नल ठेवता येतो, दुसऱ्यात येत नाही. पहिल्यातला नल दुसऱ्यात ओतायला गेले की प्रोग्रॅम तिथेच अडतो आणि तक्रार करतो. गो या भाषेत साध्या बूलियन खणात काहीच भरले नाही तर तो आपोआप ‘नाही’ धरला जातो. बाहेरून आलेल्या नोंदीत अ‍ॅलर्जीचा उल्लेखच नसेल, तरी खणात ‘नाही’ दिसते. पायथनमध्ये रिकामी नोंद, शून्य आणि ‘नाही’ हे वेगळे असले, तरी ‘जर असेल तर’ अशा साध्या तपासणीत तिघांनाही सारखीच वागणूक मिळते. रुबीमध्ये मात्र त्याच तपासणीत शून्य ‘हो’च्या बाजूला जाते. माहितीसाठे विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेत हो, नाही आणि अज्ञात अशी तीन उत्तरे आहेत. तिथे अ‍ॅलर्जी असलेल्यांची यादी मागा, मग नसलेल्यांची मागा. रकाना रिकामा असलेले रुग्ण दोन्ही याद्यांतून गळतात.

आकड्यांचेही तसेच. पाच रुग्णांपैकी चौघांची साखर १४०, १६०, १५० आणि १५० आली आणि पाचव्याची तपासलीच नाही. सरासरी १५०. रिकाम्या जागेचे वाटेत शून्य झाले तर तीच सरासरी १२० होते. वॉर्डातल्या मधुमेहींची साखर आटोक्यात आहे, असा अहवाल वर जातो.

प्रोग्रॅम कोसळला तर निदान लक्षात येते आणि कोणीतरी दुरुस्तीला धावते. गप्पपणे ‘नाही’ लिहून पुढे जाणारा प्रोग्रॅम जास्त घातक, कारण तो चुकला हे कोणालाच कळत नाही. म्हणून कॉटलिन, स्विफ्ट, रस्ट यांसारख्या नव्या भाषांनी रिकामेपणाची शक्यता खणाच्या प्रकारातच लिहून ठेवली आहे. झाकण उघडून आत काही आहे का हे पाहिल्याशिवाय प्रोग्रॅमरला त्यातली वस्तू सरळ वापरता येत नाही. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत काम नेताना नलचे काय करायचे, हे सीमेवरच ठरवून लिहिणे हा आता चांगल्या कामाचा दंडक मानला जातो.

आरोग्यक्षेत्राने यासाठी वेगळे नियम केले आहेत. रुग्णालयांच्या संगणकांनी आपसात कसे बोलावे हे ठरवणाऱ्या एचएल सेव्हन या संस्थेच्या जुन्या मानकात रिकामा रकाना आणि नुसती अवतरणचिन्हे असलेला रकाना यांचे अर्थ वेगळे आहेत. पहिल्याचा अर्थ, जुनी नोंद तशीच राहू द्या. दुसऱ्याचा अर्थ, जुनी नोंद पुसा. पुढच्या मानकांत तर माहिती का नाही हेही लिहिण्याची सोय आली. विचारले नाही, विचारले पण माहीत नाही, विचारले पण सांगितले नाही, या रुग्णाला लागू नाही, अशा प्रत्येकाला स्वतंत्र खूण. बूल यांनी मांडलेला भेद दीडशे वर्षांनी असा परत आला. भारतात २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्येही एचएल सेव्हनचेच फायर हे मानक वापरले जाते. चौदा अंकी आभा क्रमांकाच्या आधारे रुग्णाच्या नोंदी एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जाणार असतील, तर त्यातल्या रिकाम्या जागांचा अर्थही शाबूत पोहोचला पाहिजे.

पण कोणतेही मानक सुरुवातीला चुकलेली नोंद दुरुस्त करू शकत नाही. ते काम केसपेपर भरण्याच्या क्षणी होते. अ‍ॅलर्जी, चालू औषधे, गरोदरपण, आधीच्या शस्त्रक्रिया यांचे रकाने रुग्णाने आणि नातेवाइकांनी रिकामे सोडू नयेत. खात्री असेल तरच ‘नाही’ लिहावे. खात्री नसेल तर ‘माहीत नाही’ असे दोन शब्द लिहावेत किंवा लिहायला सांगावेत; त्यात कमीपणा काहीच नाही. एखाद्या औषधाने पूर्वी पुरळ उठले असेल, सूज आली असेल किंवा धाप लागली असेल तर त्या औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवावे. आणि इंजेक्शन देण्याआधी कोणी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर कंटाळा न करता पुन्हा उत्तर द्यावे.